चौथी स्प्रिंग

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत ठिपकेबाई राहायच्या. मी दुसऱ्या मजल्यावर. नऊ वर्षं त्यांच्या पावलांचा आवाज माझ्या डोक्यावर होता, आणि या नऊ वर्षांत आमचं बोलणं म्हणजे "पाणी गेलं का?" आणि "गेलं." बाई एकट्या आहेत, सत्तरीच्या आसपास आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, एवढंच मला ठाऊक. त्यांना ठिपकेबाई म्हणतात हेसुद्धा मला एका परक्या माणसाकडून कळलं.

तो माणूस एका सकाळी खांद्यावर गोणपाटाचं ओझं घेऊन धापा टाकत माझ्या दारात थांबला. पन्नाशीचा, नखांत काळं ग्रीस.

"ठिपकेबाई इथेच राहतात का?"

"कोण ठिपकेबाई?"

"मोटारींच्या कारखान्यात होत्या. स्प्रिंगांवर ठिपके लावायच्या. तिथल्या जुन्या वॉचमननं हा पत्ता दिलाय."

मी वर बोट दाखवलं. मग त्याच्याकडे बघून राहवेना, म्हणून गोणपाटाचं एक टोक मीही धरलं. अशा रीतीनं नऊ वर्षांनी, लोखंड वाहणारा हमाल म्हणून, मी पहिल्यांदा बाईंच्या घरात गेलो.

खोली नीटनेटकी होती. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, आणि समोरच्या इमारतीची भिंत दाखवणारी खिडकी. मोरीपाशी एक कप उपडा घातलेला. चहा करायची वेळ आली तेव्हा घरात दुसरा कप आहे, तिसरा नाही, असं निघालं. मी माझ्या घरून आणला.

पाहुणा जुन्या मोटारी पुन्हा होत्या तशा करून देणारा गॅरेजवाला होता. गोणपाटातून त्यानं चार स्प्रिंगा काढल्या आणि वर्तमानपत्रावर उभ्या केल्या. काजळीनं आणि गंजानं काळ्या झालेल्या, हातभर उंचीच्या.

"मावशी, एवढंच सांगा. या कारखान्यातून गाडीबरोबर आलेल्या आहेत, की नंतर कुणी बसवल्यात?"

कपाटातून एक जुना निळा डगला काढून बाईंनी घरातल्या कपड्यांवर चढवला, बाह्या दुमडल्या, फडक्यावर रॉकेल घेतलं आणि जमिनीवर बसल्या. पहिल्या स्प्रिंगच्या खालून तिसऱ्या वेढ्यावर त्यांनी फडकं फिरवलं, जराही शोधाशोध न करता. पाच मिनिटं घासल्यावर काळ्यातून पिवळं दिसायला लागलं. बोटभर लांबीचा रंगाचा फटकारा. बुडाशी जाड, वर जाताना निमुळता.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या.

*

त्या दिवशी आणि पुढे जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी मला जे सांगितलं, ते असं.

एकोणिसाव्या वर्षी त्या कारखान्यात लागल्या. वडील गेलेले, धाकटा भाऊ शाळेत, आई आजारी. स्प्रिंग विभागात त्यांना तपासणीच्या बाकावर उभं केलं. तयार झालेली प्रत्येक स्प्रिंग तिथं यायची. दाबयंत्रावरचा माणूस तिच्यावर ठरलेला भार टाकायचा आणि भाराखाली ती किती उंच राहते ते बघायचा. पोलाद कितीही नीट केलं तरी प्रत्येक घाण्याचा स्वभाव निराळा. एक स्प्रिंग जरा नरम निघते, एक जरा कडक. नरम असेल तर पिवळा ठिपका, मध्यम असेल तर पांढरा, कडक असेल तर निळा. गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर एकाच रंगाची जोडी बसवायची, मागच्या दोन चाकांवर एकाच रंगाची. पिवळीशेजारी निळी बसली की गाडी एका अंगाला कलली म्हणून समजा.

ठिपका लावायचं काम बाईंचं. एकतीस वर्षं.

"शेवटची एकोणीस वर्षं दाबणारा एकच होता," त्या म्हणाल्या. "तो रंग पुकारायचा, मी लावायची. पांढरा. पांढरा. निळा. आवाज एवढा असायचा तिथं की दुसरं काही बोलून ऐकू येत नसे. जेवायच्या सुट्टीत तो पुरुषांकडे, मी बायकांकडे. कारखाना बंद झाला त्या दिवशी यंत्र थांबलं, एकदम शांत झालं. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. तो म्हणाला, 'बरंय मग.' मीही म्हणाले, 'बरंय.'"

"मग?"

"मग काय. तो गेल्याचं वॉचमननं सांगितलं. दोन वर्षांनी."

लग्न राहून गेलं. भाऊ शिकून दूरच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. आई अंथरुणावर अकरा वर्षं काढून गेली. त्यानंतर या दोन खोल्या आणि वर चालणारी पावलं, जी मी नऊ वर्षं खालून ऐकत होतो.

*

गॅरेजवाल्यानं बाईंना सोडलं नाही. जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं मोठी हट्टी असतात. एकेका स्क्रूसाठी ती शहरं पालथी घालतात. आरसे, दिवे, बटणं यांची पुस्तकं निघालेली आहेत, पण स्प्रिंग असली कोणती आणि नकली कोणती, हे त्या कारखान्याच्या गाड्यांपुरतं सांगणारं माणूस कुणाला माहीत नव्हतं. आता सापडलं होतं.

दर गुरुवारी सकाळी दहाला खाली हॉर्न वाजायचा. बाई डगला घडी करून पिशवीत घालून जिना उतरायच्या. गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी उशी घातलेली खुर्ची ठेवलेली असायची. माणसं लांबलांबून स्प्रिंगा घेऊन यायची आणि शाळेतल्या मुलांसारखी रांगेत थांबायची. बाई वेढे मोजायच्या, तारेची जाडी बघायच्या. टोक कसं सपाट केलंय ते बघायच्या; कारखान्याचं टोक घासचाकावर घासलेलं, त्यावर केसासारख्या बारीक गोल रेघा असतात, तर नकली टोक ठोकून चपटं केलेलं असतं. टोकाजवळचा साल आणि आठवड्याचा ठसा शोधायच्या. शेवटी रॉकेल आणि फडकं.

"ठिपका कुणीही लावेल, मावशी," एकदा गॅरेजवाला म्हणाला. "तुमचाच हे कशावरून?"

"माझी उंची बघ," बाई म्हणाल्या. "बाक माझ्या छातीपर्यंत यायचा. स्प्रिंग यंत्रात उभी. मी ब्रश खालून वर ओढायची, हात तसाच पोचायचा. म्हणून माझा ठिपका बुडाशी जाड. माझ्यानंतर दुसऱ्या पाळीला एक उंच बाई होती, ती वरून खाली ओढायची आणि मग रंग ओघळायचा. तिला रोज बोलणी बसायची."

सगळे हसले. बाईसुद्धा.

माझी बायको एकदा म्हणाली, "वरच्या बाई हल्ली गुणगुणतात, ऐकलंस का?" मी ऐकलं होतं. सूर काही खास नव्हता, पण गुणगुणणं होतं खरं. त्यांनी दोन नवे कपही आणले. सव्वा वर्ष असं चाललं.

*

मग मोजणीदारांच्या गाडीची पाळी आली.

मोजणीदार म्हणजे जमिनी मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. उंच, किडकिडीत, हळू बोलणारे. त्यांची राखी रंगाची लहान गाडी त्यांच्या बायकोनं सत्तावीस वर्षं चालवली होती. ते स्वतः चालवायला कधी शिकलेच नाहीत. ती चालवायची, हे शेजारी बसायचे. ती गेल्यावर गाडी सहा वर्षं शेडमध्ये पडून होती आणि तिच्या बाजूची पुढची स्प्रिंग मोडून गाडी त्या अंगाला बसली होती. त्यांना ती तिच्या हातात होती तशी करून हवी होती. गॅरेजवाल्याला तीच गाडी जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात उभी करायची होती. तिथं परीक्षक मूळचं किती, बदललेलं किती, ते बघून गुण देतात. दोन वर्षं तो त्या गाडीवर खपला होता.

त्या गुरुवारी बाई पोचल्या तेव्हा चारही स्प्रिंगा साफ करून बाकावर मांडलेल्या होत्या. बाईंनी एकेक हातात घेतली. मागच्या दोन, पिवळ्या. पुढची डावी, पांढरी. पुढची उजवी हातात घेतल्यावर त्या थांबल्या.

"मोजणीदार दुपारी येतायत," गॅरेजवाला जवळ येऊन म्हणाला. "त्यांच्यासमोर एकदा सांगून टाका. चारही तुमच्याच."

"ही माझी नाही."

त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "ठाऊक आहे, मावशी. जंग जंग पछाडलं. मोडलेलीची जोडीदार कुठं मिळत नाही. शेवटी नवी करून घेतली. चांगली झालीय."

"चांगली असेल. ठिपका कुणी लावला?"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. स्प्रिंगवरचा पांढरा फटकारा वर जाड आणि खाली निमुळता होता. बाकावर वाकून, वरून ओढलेला.

"तुम्हीच तर शिकवलंत," तो म्हणाला.

"मी ओळखायला शिकवलं."

"मावशी, हे कळणारं माणूस जगात एकच उरलंय. तुम्ही. तुम्ही गप्प बसलात तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

"मी गप्पच बसायचं असेल तर मला बोलावतोस कशाला?"

तो चिडला नाही. नुसता तिथून दूर गेला आणि एका चाकाचे नट आवळत बसला, जे आधीच आवळलेले होते.

दुपारी मोजणीदार आले. त्यांनी टोपी काढून बाईंना नमस्कार केला आणि स्प्रिंगांकडे, डॉक्टरांच्या खोलीत रिपोर्टकडे बघतात तसं बघितलं.

"सगळं ठीक ना?"

बाईंनी एकदा गॅरेजवाल्याच्या पाठीकडे बघितलं. "तीन माझ्या आहेत," त्या म्हणाल्या. "चौथी नाही. नवी आहे. रंग नंतर लावलाय."

मोजणीदारांनी वाद घातला नाही. आठ दिवसांनी एका ट्रकवर घालून त्यांनी गाडी तिथून नेली. प्रदर्शनात त्या गॅरेजची गाडी उभी राहिली नाही.

*

पुढच्या गुरुवारी हॉर्न वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दहा वाजता बाई तयार होऊन बसायच्या, हे मला आवाजावरून कळायचं. आधी पावलं कपाटापर्यंत, मग दारापर्यंत, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग काही नाही. साडेअकराच्या सुमारास पुन्हा कपाटापर्यंत पावलं. डगला परत जागेवर. मी वर जाऊन काही बोलावं असं दर वेळी वाटायचं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणून गेलो नाही. आता लिहिताना ही सबब फार लंगडी वाटते.

सहाव्या गुरुवारी त्या स्वतःच बसनं गेल्या. दोन बस बदलून. मला हे त्यांनी बऱ्याच महिन्यांनी सांगितलं, आणि सांगताना भाजी निवडत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

गॅरेज उघडं होतं. त्यांची खुर्ची होती तिथंच होती, तिच्यावर टायरच्या ट्यूबा रचलेल्या होत्या. गॅरेजवाला एका गाडीखाली उताणा झोपून काम करत होता, बाहेर फक्त त्याचे पाय. बाई गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याला खालून त्यांच्या चपला दिसत असणार. पान्याचा आवाज थांबला.

"मी उभी राहिले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, येईल बाहेर. नाही आला. मग पान्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग आले परत."

"तुम्ही हाक मारायची."

"कशाला? त्याला लाज वाटत होती. मी हाक मारली असती तर त्याला बाहेर यावं लागलं असतं."

त्या महिन्यात गुणगुणणं बंद झालं ते झालंच. बाई जिन्यात भेटल्या तर पुन्हा पाण्याचंच बोलणं. नवे कप टेबलाखालच्या खोक्यात गेले.

*

त्यानंतर पावणेदोन महिन्यांनी मोजणीदार आले. तीन मजले चढून त्यांना बोलवेना. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "गाडी माझ्याकडे आहे. एका अंगाला बसलेलीच आहे. दुसऱ्या मिस्त्रीनं सांगितलं, चारही नव्या टाका. मला त्या तीन काढायच्या नाहीत. चौथी मिळेल का, तुम्ही सांगा."

दोघं मिळून भंगारवाल्यांकडे फिरले. तीन दिवस. बाईंना त्यांच्या हाताच्या अकरा स्प्रिंगा सापडल्या, सगळ्या पिवळ्या नाहीतर निळ्या. पांढरी एक सापडली ती मधोमध चिरलेली. तिसऱ्या दिवशी बाईंनी गंजाच्या ढिगाऱ्यावरच बसकण मारली आणि म्हणाल्या, "नाही मिळणार. नवीच बसवा. पण मला आधी ती दाबून बघू द्या."

गॅरेजवाल्यानं करून घेतलेली ती स्प्रिंग मोजणीदारांकडेच होती. गाडीबरोबर आली होती. ती घेऊन दोघं स्प्रिंगा वळणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्याच्याकडे दाबयंत्र होतं. बाईंनी डगला चढवला. किती भार टाकायचा आणि त्याखाली पांढरीची उंची किती राहायला हवी, हे आकडे त्यांना एकतीस वर्षांच्या सवयीनं पाठ होते. आधी त्यांनी रॉकेलनं तो खोटा पांढरा ठिपका पुसून काढला.

कारागिरानं भार टाकला. बाई पट्टीकडे वाकल्या.

"निळी," त्या म्हणाल्या. "कडक आहे. ही तशीच बसवली असती तर गाडी दुसऱ्या अंगाला कलली असती. ही सुंदर दिसतेय, पण दाबून कुणी बघितलीच नव्हती."

कारागिरानं स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत दाबली आणि सोडली, असं पाच-सहा वेळा. तशानं ती थोडी बसते. पुन्हा भार. पुन्हा निळी, पण काठावर. पुन्हा पाच-सहा वेळा. तिसऱ्या खेपेला बाई बराच वेळ पट्टीवर डोळा लावून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पांढरा." मोठ्यानं म्हणाल्या, यंत्राचा आवाज नसतानाही. कारागीर दचकला. आजवर हा शब्द त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता, स्वतः कधी पुकारला नव्हता, असं त्या मला म्हणाल्या.

मोजणीदारांचा चेहरा उजळला. "मग आता लावा तुमचा ठिपका. तुमच्या हातचा, दाबून बघितलेला. मग खोटा कसा होईल?"

बाईंनी विचार केला. मग कारागिराला विचारलं, "तुमच्याकडे रंग कुठले आहेत?"

त्याच्याकडे फाटकं रंगवायचा हिरवा होता. बाईंनी स्प्रिंग बाकावर उभी केली आणि खालून तिसऱ्या वेढ्यावर, खालून वर, हिरवा ठिपका ओढला.

"हिरवा आमच्याकडे कधीच नव्हता," त्या म्हणाल्या. "पुढं कुणी ही गाडी उघडली तर त्याला कळेल. ही कारखान्यातली नाही. पण कुणीतरी तपासून बसवलीय."

मोजणीदारांनी वाकून तो ठिपका बघितला. मग म्हणाले, "तिला पटलं असतं."

गाडी उभी राहिली, चारही चाकांवर सारखी. मोजणीदारांनी एक चालवणारा बोलावला आणि बाईंना तासभर फिरवून आणलं. बाई मागे बसल्या. मोजणीदार पुढं, चालवणाऱ्याच्या शेजारी, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. खड्डे आले की बाई कान देऊन ऐकायच्या. एकदाही करकर झाली नाही.

मला वाटलं होतं, आता हे गृहस्थ येत-जात राहतील. बाईंनाही तसं वाटलं असावं, कारण कप पुन्हा बाहेर आले होते. पण मोजणीदार मुलीकडे राहायला गेले, दुसऱ्या प्रांतात, गाडीसकट. तिथून त्यांचं एक पत्र आलं, सुवाच्य अक्षरात. गाडी बरी आहे, तुम्ही प्रकृतीला जपा. बाईंनी उत्तर पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही. म्हातारी माणसं पत्रं लिहायचं का थांबवतात, याची कारणं फार नसतात, आणि ती कारणं बाईंनी माझ्यापाशी बोलून दाखवली नाहीत.

*

नंतरच्या वर्षी एका दुपारी एक टेम्पोवाला माझ्या दारात आला. हातात सुतळीनं बांधलेलं पुडकं. "वरच्या बाईंना द्यायचंय. उत्तर घेऊन ये म्हणालेत."

मी वर नेलं. आत एक स्प्रिंग होती आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: "मावशी, ही कुणाची? सांगाल तेच गिऱ्हाइकाला सांगेन." खाली सही नव्हती, पण कागदाला ग्रीसचा अंगठा लागलेला होता.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग डगला काढला, रॉकेल काढलं. टेम्पोवाला खाली खोळंबला होता, त्यानं हॉर्न वाजवला. बाई खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "थांब जरा. घाईत होत नाही हे." मग घासायला बसल्या. वीस मिनिटांनी त्यांनी चिठ्ठीच्या मागं लिहिलं: "दुसऱ्या पाळीतली आहे, उंच बाईची. असली आहे. पांढरी. तू बरा आहेस ना?"

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्या त्याच्याकडे बघत बसल्या. खोडावं की ठेवावं, असं चाललं असावं. मग ठेवलं.

आता महिन्यातून एखादं पुडकं येतं. गॅरेजवाला स्वतः अजून आलेला नाही. चिठ्ठीतल्या त्या प्रश्नालाही त्यानं सरळ उत्तर दिलं नाही, पुढच्या खेपेला फक्त लिहिलं, "गुडघे दुखतात, गाडीखाली जायचं कमी केलंय." बाईंनी ती चिठ्ठी मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "उशी घे म्हणून लिहावं का त्याला?"

"लिहा की," मी म्हणालो.

मी हल्ली गुरुवारी सकाळी वर जाऊन बसतो. बोलायला विशेष काही नसतं. बाई चहा करतात, मी समोरची भिंत बघतो, त्या पेन्सिलीला टोक काढतात.